श्याओ सरांनी लावलेला कौल

तैवानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हाइपू गावात कुणाला काही ठरवायचं असलं, की तो ते दोन ठिकाणी बोलतो. आधी देवळात, समुद्राची देवी माझू आईपुढे. आणि नंतर देवळाच्या दारातच आ-चिन मावशी कालवांचं आम्लेट विकते, तिच्या गाडीवर. माझू आई ऐकलेलं पोटात ठेवते. मावशीचा तसा काही नियम नाही. त्यामुळे घर बांधणं, सून आणणं, गुडघ्याचं ऑपरेशन असल्या सगळ्या गोष्टी आमच्याकडे सार्वजनिक असतात आणि त्यांवर प्रत्येकाला मत असतं.

याला अपवाद एकटे श्याओ सर. सर गावच्या शाळेत गणित शिकवतात. सणासुदीला उदबत्ती धरतात, नाही असं नाही. पण बायकोनं हातात दिली म्हणून, आणि धरतानाही चेहरा पेपर तपासत असल्यासारखा. सरांनी जन्मात कुणाला अर्धा गुण वाढवून दिलेला नाही. गावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांच्या आयुष्यात तो अर्धा गुण राहून गेलेला आहे. खुद्द पोटच्या मुलीनं, वान-छिंगनं, उत्तरापुढे ‘मीटर’ लिहिलं नाही म्हणून शंभरातला अर्धा कापला होता. संध्याकाळी ती रडायला लागली तेव्हा सरांनी स्वतः ओट्याशी उभं राहून तिला शेवयांचं गरम सूप करून घातलं. सूप मिळालं, गुण मिळाला नाही.

तर ही वान-छिंग या जूनमध्ये इंजिनियर झाली. चार वर्षं रोज स्कूटरवरून ज्याई शहरात जाऊन, येऊन. तिचा विषय पाण्याचा निचरा. हा विषय तिला कुणी सुचवावा लागला नाही. आमची गल्ली समुद्रापेक्षा जरा खालीच आहे; मोठी भरती आली किंवा वादळ आलं, की समुद्र विचारपूस करायला थेट स्वयंपाकघरात येतो. लहानपणी ही पोरगी पाटावर उभी राहून खडूनं भिंतीवर पाण्याच्या खुणा करायची. शाळेत असताना तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं गल्लीच्या गटारांचा नवा आराखडा काढला होता. गल्लीनं तो पाहिला, तोंड भरून कौतुक केलं, आणि पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं.

आता तैपेईतल्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. बंधारे, पंप, भुयारी नाले, तिला जे जे म्हणून हवं ते सगळं तिथं होतं. ‘शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा,’ असं कंपनी म्हणत होती. इकडं सरांनी कुणालाही न सांगता हेडमास्तरांकडं शब्द टाकून ठेवला होता, आणि शाळेत गणिताच्या बदली शिक्षिकेची एक जागा निघालीही होती; तेवढी बातमी त्यांनी घरी आणली होती. जाऊ की राहू? मुलगी दोन दिवस गप्प होती. सर तिच्याहून गप्प होते, आणि गप्प बसून त्यांचं पित्त वाढलं होतं.

शनिवारी जेवताना सर एकदम म्हणाले, “मी काय म्हणतो, आपण माझू आईला कौल लावू या.”

त्यांची बायको युएशियाबाई भात वाढत होत्या. पळी तशीच हवेत राहिली. “अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“मी पूर्ण निःपक्षपाती आहे,” सर म्हणाले. “देवी जा म्हणाली तर जाईल. राहा म्हणाली तर राहील. मी मध्ये कुठं आलो?”

वान-छिंगनं वडिलांकडं जरा रोखून पाहिलं आणि माशाचा काटा काढत म्हणाली, “चालेल की.”

सर मध्ये कुठं आले होते, ते आता सांगायला हरकत नाही. कौल लावतात तो बांबूच्या मुळाच्या दोन लाल फाकांनी. फाकेची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न विचारून दोन्ही खाली टाकायच्या. एक उताणी, म्हणजे सपाट बाजू वर, आणि एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. आणि मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन होकार लागतात. सरांनी आंघोळ करता करता हिशेब मांडला: एका वेळेला होकाराची शक्यता निम्मी, तीन वेळा लागोपाठ म्हणजे आठात एक. प्रश्न ‘तैपेईला जाऊ का?’ असा ठेवला, की आठातल्या सात वाटांनी पोरगी घरातच राहते. आणि दोष कुणाला? देवीला. त्या दिवशी सरांच्या मनात धर्माविषयी पहिल्यांदाच खरा आदर निर्माण झाला.

एका गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता. दोन्ही फाका उताण्या पडल्या, तर त्या जमिनीवर पोट हलवत डुलत राहतात. त्याला आमच्याकडं आई हसली असं म्हणतात. हसली म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. प्रश्न नीट विचार, नाहीतर उत्तर तुला ठाऊक आहे, मला कशाला त्रास देतोस, असा त्याचा अर्थ.

रविवारी सकाळी सर कुटुंबासह देवळात गेले. परसातल्या झाडाचे चांगले टपोरे पेरू ताटात मांडले, गुडघे टेकले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात गाऱ्हाणं घातलं. “मी श्याओ मिंग-त्से. ही माझी मुलगी श्याओ वान-छिंग, राहणार याच गावात, मिठागर गल्ली. हिनं तैपेईला जावं का?”

फाका पडल्या. आई हसली. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा तर फाका इतक्या वेळ डुलत राहिल्या, की देवळाच्या समितीचे चिटणीस लू काका खुर्चीवरून उठून बघायला आले.

“सर, आई खदखदून हसतेय,” ते म्हणाले.

“मला दिसतंय,” सर म्हणाले.

आपण गंभीरपणे काही विचारावं आणि समोरच्यानं हसावं, हा प्रकार सरांच्या नोकरीत कधी घडला नव्हता. घडवणाऱ्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं. इथं ती सोय नव्हती.

बाहेर येईपर्यंत आ-चिन मावशीनं तव्यावरची कालवं जळू दिली होती. “पेरू?” ती ओरडली. “सर, माझू आईला पेरू ठेवलात? अहो, पेरूची बी माणसाच्या पोटातून जाते तशीच बाहेर येते आणि तिचं झाड होतं! असलं फळ देवाला कुणी ठेवतं का? शिकलेली माणसं तुम्ही!”

“हसणारच ती,” शेजारी आम्लेट खात बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

“पेरूचं सोडा,” मागून आलेले लू काका म्हणाले. त्यांचा स्वर सरकारी होता. “पत्ता कुठला सांगितलात?”

“घरचा.”

“आणि पोरीचं नाव कागदावर कुठं आहे?”

सर थबकले. वान-छिंग सहावीत असताना तिला शहरातल्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिचं नाव त्यांनी शहरातल्या मेहुणीच्या घरी नोंदवलं होतं. गावातल्या निम्म्या पोरांची नावं अशीच कुठल्या ना कुठल्या मावशीच्या घरी नांदतात. काम झालं की परत आणायची, असं सगळेच म्हणतात आणि सगळेच विसरतात.

“बघा!” लू काका विजयानं म्हणाले. “आई बिचारी मिठागर गल्लीत वान-छिंगला शोधतेय, आणि वान-छिंग तिथं नाहीच. मग हसेल नाहीतर काय करेल?”

सरांना हे पटलं नाही. पण हसऱ्या देवीपेक्षा चुकलेला पत्ता त्यांच्या बुद्धीला अधिक झेपणारा होता. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, हे गणिताचंच तत्त्व आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मुलीला घेऊन नोंदणी कार्यालयात गेले.

खिडकीपलीकडं चुंग-हान बसला होता. सरांचा जुना विद्यार्थी. त्याला पाहताच सरांना तो आठवला नाही, पण त्याचे साडेएकोणसाठ गुण आठवले. साठाला पास होतं.

“या सर,” चुंग-हान उठून उभा राहत म्हणाला. “काय काम काढलंत?”

“हिचं नाव परत आमच्या घरी आणायचंय.”

“कारण काय लिहू?”

“कौटुंबिक.”

“सर, तसं मोघम चालत नाही.”

सरांनी मागच्या रांगेकडं पाहिलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, “देवीला पत्ता सापडत नाही.”

“मग असं सांगा की!” चुंग-हान म्हणाला. “पुष्कळ येतात.” रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. एका आजोबांनी तर सरांची जागा पुढं आहे याबद्दल समाधान व्यक्त केलं, कारण देवाचं काम थांबू नये.

पण कामाची ही तर नुसती सुरुवात होती. नवा पत्ता म्हणजे नवं ओळखपत्र. ओळखपत्रावरच्या फोटोत वान-छिंगचे केस कमरेपर्यंत. मुलाखतीसाठी तिनं ते कानाच्या वर कापलेले. ‘ही ती नाही’ असं चुंग-हान म्हणाला नाही, पण नवा फोटो आणा म्हणाला. फोटो काढून आणला. त्यात एक कान दिसत नव्हता. दुसरा आणला. मग चुंग-हाननं अर्जावर सहीऐवजी मारलेला सरांच्या नावाचा शिक्का बराच वेळ न्याहाळला. शिक्क्यातलं ‘श्याओ’ नीट उमटलं होतं, पुढचं नाव अर्धंच.

“हा अर्धाच आलाय, सर.”

“वाचता येतंय की.”

“येतंय,” चुंग-हान अतिशय आदरानं म्हणाला. “पण अर्धं चालत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

शिक्क्याची शाई वाळली होती. लाल शाई आणायला ते स्कूटरवरून परत घरी गेले. उन्हात जाताना त्यांना तीस वर्षांचे सगळे अर्धे गुण आठवत होते, आणि तरीही, हे लिहिलं पाहिजे, एकाही गुणाचा पश्चात्ताप होत नव्हता. माणूस तत्त्वाचा होता. संध्याकाळी वान-छिंग कागदोपत्री घरी आली, आणि युएशियाबाईंनी त्या आनंदात सणाला करतात तसा तिळाचा भात केला.

बुधवारी दुसरा कौल. या वेळी अननस, संत्री, सफरचंदं. पेरूचं पानसुद्धा नाही. पण त्याच वेळेला उत्तरेकडच्या कुठल्याशा देवळाची यात्रा आपली पालखी घेऊन आमच्या देवीच्या भेटीला आली होती. ढोल, झांजा, फटाके, पिवळ्या टोप्या घातलेले दोनशे यात्रेकरू. त्या गोंगाटात सरांनी आता कागदोपत्री खरा झालेला पत्ता, पिनकोडसकट, ओरडून सांगितला आणि फाका टाकल्या. नेमका तेव्हाच दारात फटाक्यांची माळ लागली. सर दचकले. एक फाक समोर पडली, आणि दुसरी गुळगुळीत फरशीवरून घसरत गेली ती थेट देवीच्या चौरंगाखाली.

चौरंगाखाली आमचा वाघोबा राहतो. माझू आईचं वाहन म्हणा, राखणदार म्हणा; दगडाचा, मांजराएवढा, पुढ्यात कायम अंड्यांचा नैवेद्य.

“आत कशी पडलीय ते बघावं लागेल,” लू काका म्हणाले. “माझी कंबर वाकत नाही.”

श्याओ सर, गणिताचे शिक्षक, खोचलेला पांढरा शर्ट, दोन हातांवर आणि दोन गुडघ्यांवर आले आणि चौरंगाखाली शिरले.

आता यात्रेकरूंची बाजूही समजून घेतली पाहिजे. पालखी आली, की रस्त्यात गुडघे टेकून तिच्याखालून रांगत जायचं, म्हणजे वर्षाची पीडा टळते, ही आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक देवळाची काहीतरी खास रीत असते. एक चांगला शिकलेला, चष्मेवाला गृहस्थ भक्तिभावानं चौरंगाखाली रांगत जाताना पाहून पिवळ्या टोपीतल्या एका आजीबाईंना वाटलं, की इथली रीत ही दिसते. त्यांनी गुडघे टेकले. त्यांच्या मागं त्यांच्या सुनेनं टेकले. सरांनी फाक शोधून उलटं यायला म्हणून पाय मागं टाकला, तो कुणाच्या तरी टोपीवर.

“पुढं चला की हो!” आजीबाई आतून ओरडल्या. “मागं रांग आहे!”

“आजी, ही रांग नाही!”

“पहिल्यांदा आलात वाटतं? घाबरू नका, मनात आईचं नाव घ्या!”

पुढं जायला जागा वाघोबाच्या डावीकडून तेवढी होती. सर डोकं वर करून अंदाज घ्यायला गेले तर चौरंगाला टाळकं आपटलं, वरून दोन संत्री गडगडली, आणि यात्रेकरूंनी ती प्रसाद म्हणून झेलली. शेवटी सर पलीकडच्या बाजूनं बाहेर आले, शर्टावर उदबत्तीची राख, हातात फाक. त्यांच्या मागोमाग तीस-चाळीस माणसं आली. शेवटच्यानं त्यांना नमस्कार केला.

“काय होतं?” लू काकांनी विचारलं.

“उताणी,” सर म्हणाले. बाहेरचीही उताणी होती. आई पुन्हा हसली होती, आणि या वेळी तिला कारणही होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण मावशीच्या गाडीवर नवं स्पष्टीकरण तयारच होतं. “अहो, सोमवारी तुम्ही पोरीला घरात आणलंत,” ती म्हणाली, “आणि बुधवारी बाहेर काढू का म्हणून विचारताय. आईला काय कळायचं? नवा भाडेकरूसुद्धा असं करत नाही.” गावात दोन तट पडले. औषधाच्या दुकानात ‘जावं’ म्हणणारे बसायचे, मासळीच्या लिलावात ‘राहावं’ म्हणणारे. वर्गात एका मुलीनं हात वर करून सरांना विचारलं, की लागोपाठ चार वेळा हसू येण्याची शक्यता किती. सरांनी फळ्याकडं तोंड करून बराच वेळ खडू शोधला. आणि देवळात लू काकांनी चौरंगापुढं एक चटई टाकली, कारण गुरुवारी पुन्हा दोन बसगाड्या भरून लोक रांगायला आले होते.

या सगळ्यात वान-छिंग काय करत होती? ती आपली भरती जवळ आली म्हणून परसातला पंप उघडून साफ करत होती. सर दारात उभे राहून पाहत होते. तिनं पाती काढली, गाळ खरवडला, पुन्हा बसवली; हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा अगदी शांत. सरांच्या मनात आलं, हे मी शिकवलेलं नाही. हे हिचं हिनं मिळवलंय. त्यांना तिचा फार अभिमान वाटला. आणि त्याच दमात वाटलं, हिला बदली शिक्षिका करायला निघालोय मी. पण दुसऱ्याच क्षणी जेवणाच्या टेबलाची तिसरी खुर्ची डोळ्यांपुढं आली, आणि ते म्हणाले, “बोल्ट जास्त आवळू नकोस.”

“नाही आवळत, बाबा,” ती म्हणाली.

शुक्रवार उजाडला. देवळात आज यात्रा नव्हती, पण गाव होतं. सरांनी फाका घ्यायला हात पुढं केला, तेव्हा वान-छिंगनं त्या आधीच उचलल्या होत्या.

“आज मी विचारते,” ती म्हणाली, आणि गुडघे टेकून बसली.

“माझू आई, मी श्याओ वान-छिंग. पत्ता तुला आता पाठ झाला असेल. जाऊ की राहू, हे मला विचारायचंच नाहीये. मला जायचंय. चार वेळा तू हसलीस ती त्यालाच, हे मला कळलंय.” मग ती वडिलांकडं वळली. “आणि बाबा, आठात एक हा हिशेब मी शनिवारी जेवतानाच केला होता. तुम्हीच शिकवलाय. फक्त तुम्ही हसू धरलं नाहीत. अर्धा गुण गेला.”

लू काका खोकले. युएशियाबाईंनी पदर नसल्यामुळं रुमालानं तोंड झाकलं.

“मला विचारायचंय ते वेगळंच,” वान-छिंग पुन्हा देवीकडं वळली. “माझ्यामागं माझ्या बाबांकडं तू बघशील का? आईची काळजी नाही, ती खंबीर आहे. बाबा पाणी घरात आलं की पंप लावायचा सोडून ते किती चढलं ते मोजत बसतात. रक्तदाबाची गोळी मी हातावर ठेवली तरच घेतात. कुणाकडं काही मागत नाहीत. मला त्यांना सोडून जायला भीती वाटते. तू लागोपाठ तीन होकार दे, मी तैपेईला जाते. एक जरी चुकला, तू नुसती हसलीस तरी, मी शाळेची नोकरी घेते आणि हा विषय पुन्हा काढत नाही.”

आ-चिन मावशीसुद्धा झारा हातात घेऊन दारात उभी होती.

पहिल्यांदा टाकल्या. एक उताणी, एक पालथी. होकार.

दुसऱ्यांदा. होकार.

तिसऱ्यांदा वान-छिंगनं फाका जरा जोरात टाकल्या. एक फाक तिच्या गुडघ्याशी उताणी पडली. दुसरी चटईच्या कडेला लागून उडाली आणि घसरत, अगदी बुधवारच्याच वाटेनं, चौरंगाखाली गेली.

“मी बघते,” वान-छिंग उठायला लागली.

“तू बस,” लू काका म्हणाले. “बुधवारी माझ्या कंबरेपायी चाललं, पण विचारणाऱ्यानं बघायचं नसतं. सर बघतील. सर सांगतील ते प्रमाण. त्यांनी जन्मात कुणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही.”

सर खाली वाकले आणि आत शिरले. या वेळी घाई नव्हती. आत अंधार होता, राखेचा वास होता, वाघोबा होता. आणि त्याच्या पंजापाशी फाक पडली होती. उताणी. अजून किंचित डुलत होती.

सर गुडघ्यांवर तसेच थांबले. आई हसली होती. म्हणजे मुलगी राहणार. आठवडाभर ज्याच्यासाठी देवीला, सरकारला आणि स्वतःच्या अब्रूला वेठीला धरलं, ते समोर पडलेलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. बाहेर येऊन एक शब्द सांगायचा, तोही खरा. सकाळी तीन वाट्या मांडल्या जाणार होत्या, संध्याकाळी स्कूटरचा आवाज येणार होता. आणि त्यांना आठवलं, पोरीनं स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. परसातल्या पंपाशी दिसलेले ते काळे हात आठवले. तिच्याएवढं धैर्य आपल्यात कधी नव्हतं, हे त्यांना तिथं, चौरंगाखाली, स्पष्ट कळलं.

सरांनी वाघोबाकडं पाहिलं. वाघोबानं सरांकडं पाहिलं. सरांनी फाक उचलून मुठीत घेतली.

“काय आहे हो?” बाहेरून लू काका.

सर बाहेर आले. डोक्यावर राख होती, चष्मा नाकावर तिरपा होता.

“पालथी,” ते म्हणाले. “होकार.”

मग जो गलका झाला त्याचं वर्णन करत नाही. मावशीनं त्या दिवशी आम्लेटांत कालवं जास्त घातली, ‘राहावं’ वाल्यांनी ‘जावं’ वाल्यांचं अभिनंदन केलं, आणि वान-छिंग वडिलांच्या गळ्यात पडून लहानपणी रडायची तशी रडली. सर तिच्या पाठीवर थोपटत “बोल्ट फार आवळू नकोस,” असं काहीतरी म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. रविवारी ती गेली. बसमध्ये चढताना तिनं त्यांच्या हातावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी, शाळेत जायच्या आधी, श्याओ सर देवळात दिसले. कुणी न सांगता, स्वतःहून. रांगत चौरंगाखाली गेले आणि वाघोबापुढं एक अंडं ठेवून आले. युएशियाबाई भाजीची पिशवी घेऊन खांबाशी उभ्या होत्या.

“वाघोबाला अंडं?”

“साक्षीदार आहे,” सर म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली टेकवली. “अहो, खरं सांगा. त्या दिवशी आई हसली होती ना?”

“हसली होती.”

“मग?”

सर चष्मा पुसायला लागले. “दोन होकार पूर्ण होते,” ते म्हणाले. “तिसरा अर्धा होता. अर्धा मी दिला.”

युएशियाबाईंनी पिशवीतून आणखी एक अंडं काढून त्यांच्या हातात दिलं. मग त्यांच्या शर्टावरची राख झटकली आणि म्हणाल्या, “पोरीला मात्र सांगू नका हो. तुमचीच मुलगी आहे ती, कापेल.”